भिंतीची अकरा तोंडं

ठोकेमामांना समोर काहीही आलं की ते आधी ठोकून बघायची खोड होती. दरवाजा असो, पिंप असो, नाहीतर दुसऱ्याच्या घरातली नवीकोरी फरशी असो, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर त्यावर दोनदा वाजणार आणि मान एका अंगाला कलणार. जावयाच्या घरी पहिल्यांदा गेले, तर चहा येईपर्यंत यांनी बैठकीच्या खोलीची भिंत तीन ठिकाणी वाजवून घेतली आणि भरल्या घरात जाहीर करून टाकलं, "खिडकीखाली पोकळ आहे." मामींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वर्षभराने जावयाने खिडकीखालचा गिलावा काढला, तेव्हा आत मुंग्यांनी वसाहत केलेली निघाली. तेव्हापासून जावई घरात काही नवं आणलं की आधी सासऱ्यांना बोलावू लागला.

खरं नाव मतदारयादीपुरतं उरलं होतं. चौदाव्या वर्षापासून गवंडीकाम, आणि त्यातली जवळजवळ सगळी वर्षं एकाच भिंतीवर गेलेली. समुद्राच्या कडेला जुना कोट होता, त्याची भिंत. वडील त्याच भिंतीवर, थोरला भाऊ त्याच भिंतीवर आणि धाकटे हे. कोट कुणी बांधला, कुणी जिंकला, कुणी घालवला हे सांगणारी मोठी पाटी दाराशी होती, आणि ती वाचायला लांबलांबून माणसं यायची. मामांनी ती आजवर शेवटपर्यंत वाचली नव्हती. त्यांना भिंतीचा वेगळाच इतिहास तोंडपाठ होता. कुठला दगड वडिलांनी बसवला, कुठला दादाने, आणि कुठला एका वैतागलेल्या दुपारी आपणच तिरका बसवून ठेवला.

समुद्र वर चढतोय हे त्यांना बातम्यांनी सांगायची गरज नव्हती. उत्तरेकडच्या बुरुजाच्या पायाशी वडिलांनी तरुणपणी एक तांब्याचा खिळा मारला होता. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उधाणाचं पाणी जिथवर चढतं, तिथली ती खूण. वडिलांच्या काळात खिळा भिजला की महिनाभर त्याचीच चर्चा चालायची. आता तो महिन्यातले पंधरा दिवस भिजलेला असायचा आणि उधाणाला त्याच्या डोक्यावर वीतभर पाणी चढायचं. पावसानेही ताळतंत्र सोडलेलं. पूर्वी जो महिनाभर सावकाश पडायचा, तो आता तीन दिवसांत सगळा हिशेब चुकता करून मोकळा व्हायचा.

आणि गेल्या दोन वर्षांत त्या उत्तरेकडच्या बुरुजाचं पोट सुटलं.

गवंड्यांच्या भाषेत पोट सुटणं म्हणजे भिंत मध्येच बाहेरच्या बाजूला फुगणं. माणसाचं सुटलं तर त्याला चालायला सांगतात, भिंतीचं सुटलं तर आसपासच्या माणसांना चालतं व्हायला सांगावं लागतं. बुरुजाच्या आत सगळा मातीचा भराव, आणि बुरुजामागे सखल जागेत एक गल्ली, तीस-बत्तीस घरांची. त्यातलं तिसरं घर मामांच्या थोरल्या भावाचं. बुरूज गेला की गल्ली आणि समुद्र यांच्यामध्ये काहीही उरणार नव्हतं.

कोटाची देखभाल करणाऱ्या कार्यालयात चार महिन्यांपूर्वी एक नवी मॅडम आली होती. मामांच्या मुलीच्या वयाची, बोलणं मोजकं, आणि रोज सकाळी बुरुजावर हजर. आल्या आल्या तिने निवृत्त झालेल्या मामांना रोजंदारीवर परत बोलावलं. दोघांनी मिळून बुरुजाला गेलेल्या उभ्या भेगेवर काचेच्या सात पट्ट्या आडव्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. मॅडमने वरच्या कार्यालयाला नऊ पत्रं पाठवली. उत्तर एकच आलं, पाहणीसाठी पथक येईल. कधी, ते लिहायला ते बहुधा विसरले.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याआधी तीन दिवस पाऊस कोसळत होता. पहाटे भरती आली, लाटा बुरुजाच्या कठड्यापर्यंत उडाल्या. गल्लीतली माणसं जीव मुठीत धरून बघत उभी होती. सात वाजता पाणी उतरू लागलं तसा सगळ्यांनी निःश्वास सोडला, "टिकला बाबा एकदाचा," म्हटलं आणि आपापल्या घरी जाऊन चुली पेटवल्या.

मामांना खरी भीती वाटली ती नेमकी तेव्हा.

कारण ही भिंत भरतीला पडणारी नव्हती. भरतीला समुद्र बाहेरून भिंतीला रेटून धरतो. ओहोटी लागली की तो हात काढून घेतो, आणि आत भरावात कोंडलेलं पाणी एकटंच भिंतीला बाहेर ढकलत राहतं. दुपारी बारा वाजता पूर्ण ओहोटी होती. संध्याकाळी सहाला पुन्हा भरती, आणि तीही वादळासकट, वर्षातली सगळ्यात मोठी. मामा गुडघे सांभाळत भेगेपाशी गेले. सातपैकी चार काचा तडकलेल्या होत्या.

ते तिथेच खडकावर बसले. बुरुजात पाणी का कोंडलंय हे या जगात तीन माणसांना माहीत होतं. एक कार्यालयाचे जुने साहेब, ते वारले. दुसरा दादा. तिसरे ते स्वतः.

बावीस वर्षांपूर्वीपर्यंत त्या बुरुजाच्या पायाशी अकरा तोंडं होती. मूठ जाईल एवढी भोकं, पण जुने गवंडी त्यांना तोंडंच म्हणायचे. भरावातलं पावसाचं पाणी त्यांतून बाहेर पडायचं. ती सारख्या अंतरावर नव्हती. बांधणाऱ्यांनी जिथे आतून झिरपा दिसला तिथे ठेवलेली, आणि वर्षभरात शेवाळ नि शिंपल्यांनी अशी झाकली जायची की नजरेला सापडू नयेत. म्हणून वडिलांकडे एक काथ्याची दोरी होती. तिचं टोक कोपऱ्याच्या दगडाला लावायचं आणि दोरी भिंतीच्या कडेने ताणत न्यायची. जिथे गाठ येईल तिथे तोंड. अकरा गाठी. दरवर्षी दोघं भाऊ ती दोरी धरून भोकं साफ करत.

मग उधाणाचं पाणी उलट त्याच तोंडांतून आत शिरू लागलं. कार्यालयाचं तळघर भिजलं, कपाटातले कागद भिजले, जुने साहेब चिडले. दादा तेव्हा मुख्य गवंडी. त्याने घरी बसून लाकडाची चौकट आणि टायरचं रबर यांची एक झडप बनवून आणली. आतलं पाणी आलं की झडप उघडणार, बाहेरचं आलं की मिटणार. साहेबांनी ती उलटसुलट करून बघितली आणि हसले. आणि तेव्हा धाकटे काय म्हणाले? "दादा, भिंतीला पापण्या लावतोस काय?" साहेब आणि हे, दोघंही खो खो हसले. साहेबांनी विचारलं, मग तू काय करशील? हे म्हणाले, सिमेंटने बुजवतो, एक थेंब आत येणार नाही. दादा एवढंच म्हणाला, "आत येणार नाही ते ठीक. पण बाहेर कुठून जाईल?" त्याने झडप उचलली, गाठींची दोरी खांद्यावर टाकली आणि जो गेला तो पुन्हा कोटाची पायरी चढला नाही.

धाकट्याने अकराही तोंडं चार बोटं खोल बुजवली, वरून कमरेएवढ्या उंचीचा सिमेंटचा पट्टा मारला. काम इतकं सफाईदार की शोधूनही सापडू नये. दादाची जागा त्याला मिळाली आणि एक प्रशस्तिपत्रही मिळालं, 'कोटात शिरणारे पाणी रोखल्याबद्दल'. ते घरात चौकटीत लावलेलं होतं. दोघा भावांत अबोला पडला तो बावीस वर्षं टिकला. जावांनी मात्र ती कसर भरून काढली. रोज दुपारी त्या चार माणसांच्या वाट्याचं बोलत.

मामा हातोडा आणि छिन्नी घ्यायला घरी आले. मामींनी त्यांचं तोंड बघितलं आणि काय झालं ते विचारलंसुद्धा नाही.

"सांगून टाका," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मला काय विचारता? बावीस वर्षं पाऊस लागला की कूस बदलत बसता, ते काय मला दिसत नाही? आज सांगितलं नाहीत तर मग कधीच सांगू नका. आणि माझ्याशीही बोलू नका. घराण्यात सवय आहेच अबोल्याची."

कार्यालयात मॅडम नकाशा पसरून उभी होती, कानाला फोन. "चार फुटल्या," मामा म्हणाले. तिने फोन खाली ठेवला.

"आत पाणी कोंडलंय, मॅडम. बारापर्यंत भिंत तग धरेल असं वाटत नाही. पाण्याला वाट करून द्यायला हवी."

"कुठून देणार? नकाशात सलग भिंत आहे. फुगलेल्या भिंतीत अंदाजाने छिन्नी मारली, तर आपणच पाडू ती."

"नकाशा नंतरचा आहे."

"कशानंतरचा?"

मॅडमच्या मागे भिंतीवर एक जुना फोटो होता. जुने साहेब प्रशस्तिपत्र देतायत आणि एक काळ्या केसांचा गवंडी ते घेताना तोंडभर हसतोय. त्या माणसाचा मामांना इतका राग आला की हात शिवशिवले.

"पायाशी अकरा तोंडं होती. मी बुजवली. ह्या हातांनी."

मॅडम अगदी हळू म्हणाली, "चार महिने मी तुम्हालाच विचारतेय, मामा, की पाणी जातं कुठं. तुम्ही माझ्याशेजारी उभं राहून काचा चिकटवत होतात."

तिने शिव्या घातल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

"कुठं आहेत ती तोंडं?"

"एकही नेमकं सांगता येणार नाही. गाठींची दोरी लागेल. ती दादाकडे आहे."

"मग जा ना!"

"आमचं बोलणं नाही. बावीस वर्षं."

मॅडमने घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. पावणेनऊ. "ओहोटीशीही तुमचं बोलणं नाही का? ती थांबणार आहे?"

मामा निघाले तेव्हा ती कोटाच्या पहारेकऱ्याला सांगत होती की गल्ली रिकामी करायची, सगळ्यांना शाळेत न्यायचं, तळघरातले कागद वर आणायचे. मग तिने एक कोरा कागद ओढला आणि लिहिलं की पुरातन भिंतीला भोकं पाडायची परवानगी मी माझ्या जबाबदारीवर देत आहे. खाली तिने सही केली. अशा भिंतीचा टवका काढला तरी नोकरी जाते, आणि तिची तर अजून कायमही झाली नव्हती.

गल्लीत एकच धांदल उडाली होती. गाठोडी, पेट्या, कडेवरची पोरं. दादा मात्र उंबऱ्यावर बसून होता. बहात्तर वर्षांचा, ताठ पाठीचा, हलायचं नाव नाही. धाकट्याला समोर बघून तो आत बायकोकडे वळला.

"विचार त्याला, काय हवंय."

"वहिनी, दोरी हवीय," मामा म्हणाले.

"सांग त्याला, बावीस वर्षं दोरीवाचून अडलं नाही, आज कसं अडलं?"

"वहिनी, सांग त्याला, बुरूज चाललाय. तोंडं उघडायचीत."

वहिनी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. बावीस वर्षं हिनेच निरोप वाहिले होते. ती आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि गुंडाळलेली दोरी घेऊन ती बाहेर आली. "घ्या, भावजी. दरवर्षी ऊन दाखवून ठेवतात. बोलत नाहीत, पण ठेवतात."

तेव्हाच बोलायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं, "वेळ नाही, येतो." मामा पळत सुटले, म्हणजे त्यांचे गुडघे जेवढं पळू देतात तेवढं.

साडेनऊला बुरुजाचा पाया उघडा पडला. शेवाळावरून पाय निसटत होते. मॅडम वर कठड्याशी, भिंत किती झुकते ते कळावं म्हणून तिच्या पोटासमोर दोरीला वजन बांधलेला ओळंबा सोडून आणि तोंडात शिट्टी धरून. शिट्टी वाजली की हातातलं टाकून पळायचं असं ठरलेलं. पहारेकऱ्याने दोरीचं टोक कोपऱ्याच्या दगडाशी धरलं. मामांनी ती ताणली, पहिल्या गाठीपाशी कोळशाने खूण केली. त्याआधी बोटाचं पेर वाजवून बघितलं, पण काही उपयोग नव्हता. आतला चुना धुपून गेला होता, सगळीच भिंत पोकळ वाजत होती. सगळा जन्म ज्या विद्येवर काढला, तिने ऐन वेळी हात वर केले.

त्यांनी छिन्नी लावली. सिमेंटचा टवका उडाला, दुसरा उडाला. आत दगड लागला, अख्खा. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं घाव घातले. दगडच.

वरून मॅडम ओरडली, "मामा, पाचवी फुटली!"

मामांनी छिन्नी खाली केली. आपण चुकीच्या जागी घाव घालतोय, आणि प्रत्येक घावाने भिंत आणखी खिळखिळी होतेय. खूण चुकली की गाठच सरकली? सिमेंटच्या त्या गुळगुळीत पट्ट्याकडे बघून ते रडायच्या बेतात आले.

"कोरडीच लावलीस."

मामांनी मागे बघितलं. दादा खडकावर उभा होता. एका हातात काठी, दुसऱ्यात एक पोतं.

"बाबा कधी कोरडी लावायचे ही? समुद्रात बुडवून मग ताणायचे. काथ्या ओला झाला की आखडतो. कोरडी लावलीस तर पहिल्या गाठीला चार बोटं चुकतोस आणि शेवटच्या गाठीला दोन हात. तेव्हाही घाईच होती तुला."

मामांनी दोरी डबक्यात बुडवली, चांगली भिजू दिली, पुन्हा ताणली. गाठ चार बोटं अलीकडे आली. पाचव्या घावाला आवाज बदलला. आठव्या घावाला छिन्नी आत गेली. आधी काहीच नाही. मग एक तपकिरी थेंब, मग करंगळीएवढी धार, आणि मग पाण्याचा असा लोट आला की मामांची छाती चिंब झाली. बावीस वर्षं कोंडलेल्या पाण्याला कसला घाण वास होता, आणि मामांना तो किती गोड वाटला म्हणून सांगावं!

"आलं?" मॅडम वरून.

"आलं!"

"पोटाखालचं सगळ्यात शेवटी," दादा म्हणाला. "आधी दोन्ही कडा उतरव. एकदम मध्ये हात घातलास तर भिंत अंगावर घेशील." हे सगळं तो भिंतीकडे बघून बोलत होता. भावाकडे अजून एकदाही बघितलं नव्हतं. पण दोरी धरायला तो पहारेकऱ्याला बाजूला सारून स्वतः उभा राहिला.

दुसरं, तिसरं, चौथं. मग दुसऱ्या टोकाकडून अकरावं, दहावं, नववं. बोटांची सालं निघाली, छिन्नी दोनदा निसटून पाण्यात पडली आणि दोन्ही वेळा दादानेच काठीने शोधून दिली. पावणेबाराला दहा तोंडं वाहत होती. उरलं एकच, सातवं, फुगलेल्या भिंतीच्या बरोबर खाली.

आणि सहावी काच फुटली. मॅडमने शिट्टी फुंकली.

"बाहेर या! दोघंही! ताबडतोब!"

मामा हलले नाहीत. कडेचं पाणी उतरलं होतं, पण मधल्या भरावाचं तिथेच अडलेलं. वर बघितलं तर दगडांची रांग डोक्यावर झुकलेली दिसत होती. दगडांच्या सांध्यांतून ओल्या मातीचे ओघळ निघत होते. भिंत कुरकुरत होती, बारीक, जुन्या खाटेसारखी.

"दादा, तू जा."

"दोरी कोण धरणार? तुझा बाप?"

"धरायची नाही आता. खूण केलीय. जा तू!"

"खूण मागेही केली होतीस."

वारा सुटला होता आणि खडकांवर लाटा आदळत होत्या. मामांनी छिन्नी सातव्या खुणेला टेकवली, पण घाव घालवेना. आता हे बोललं नाही तर कदाचित बोलायला आपण उरणारच नाही, हे त्यांना लख्ख दिसलं.

"दादा, तुझं बरोबर होतं."

"काय?" दादा ओरडला.

"तुझं बरोबर होतं! मी चुकलो!"

"काय म्हणतोस?"

"तुझं बरोबर होतं! मी हसायला नको होतं! तुझी जागा मी घेतली, ती घ्यायला नको होती! ऐकू आलं का?"

दादाने कानामागे हात धरला, भुवया वर केल्या आणि मान हलवली. "आधी हातोडा मार!"

मामांनी मारला. तीन घाव. चौथ्याला सिमेंटचा गोळा आतूनच बाहेर फेकला गेला आणि त्यामागून आलेल्या लोटाने दोघांनाही उचलून उथळ पाण्यात आपटलं. वर काहीतरी धाडकन वाजलं. झुकलेल्या रांगेतला एक दगड अंगठाभर खाली बसला. मामांनी डोळे मिटले, दादाच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली आणि वाट बघितली.

दुसरा आवाज आला नाही. अकरा तोंडांतून पाणी पडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने वरून मॅडमचा आवाज आला, रडवेला. "सातवी शाबूत आहे! ओळंबा थांबलाय!"

संध्याकाळी उधाण आलं ते पिसाळूनच आलं. सगळी गल्ली शाळेच्या वर्गांत बसून होती. लाटा कठड्यावरून आत पडत होत्या, तोंडांतून पाणी आत शिरत होतं, तळघर पार बुडालं. पण जे पाणी आत आलं, त्याला आता बाहेर जायला वाट होती. अंधार पडायच्या आधी मॅडमने मामांसमोर अहवाल लिहिला आणि त्यांना वाचून दाखवला. त्यात त्यांचं नाव होतं, खरं, मतदारयादीतलं. तोंडं कुणी बुजवली तेही होतं आणि कुणी नको म्हटलं होतं तेही होतं. वरून काय उत्तर येईल, मॅडमची नोकरी राहील की जाईल, मामांवर काय बालंट येईल, काही सांगता येत नव्हतं. मामांनी अहवालाखाली सही केली. घरी येऊन त्यांनी प्रशस्तिपत्र खाली उतरवलं. मामी त्यावर एक अक्षरही बोलल्या नाहीत, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

सकाळी उजाडताच मामा बुरुजाशी गेले. पाणी उतरत होतं. सातवी काच तशीच होती, वर मिठाचा पांढुरका थर. त्यांनी तिला बोट लावलं, ठोकलं मात्र नाही.

खाली सातव्या तोंडापाशी दादा उकिडवा बसला होता. पोतं शेजारी उघडं. त्यात ती झडप होती, बावीस वर्षांची, लाकूड काळवंडलेलं, रबर मात्र नव्या टायरचं. तो ती भोकात बसवून बघत होता आणि ती अडकत होती.

मामा शेजारी बसले. चौकटीची एक कड त्यांनी छिन्नीने तासली. झडप बसली. आतून थोडं पाणी आलं, रबर उचललं गेलं, पाणी पडलं आणि रबर पुन्हा मिटलं.

"दादा, काल वाऱ्यात तुला ऐकू आलं नाही. मी काय म्हणत होतो की..."

"ऐकू आलं होतं."

"कधी?"

"पहिल्यांदाच."

"मग तीन तीन वेळा ओरडायला का लावलंस? भिंत डोक्यावर येत होती!"

दादाने पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड वळवलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "बावीस वर्षं थांबलो होतो. एकदाच ऐकून पुरणार होतं का मला?" त्याने हाताची माती पुसली. "आता वारा पडलाय. नीट म्हण पुन्हा एकदा."

ठोकेमामांनी पुन्हा म्हटलं. या वेळी ओरडावं लागलं नाही.